कलाचार्य नंदलाल बोस

बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात हवेली खडगपूर नावाचे गाव आहे. भोवती डोंगर, डोंगरांवर गर्द राने आणि पायथ्याशी शेती अशा रम्य परिसरात ते वसलेले आहे. याच गावी ३ डिसेंबर १८८२ रोजी नंदलाल बोस यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पूर्णचंद्र दरभंगा संस्थानाच्या सेवेत होते. घराणे मूळचे बंगालचे. पण नोकरीच्या निमित्ताने बिहारात स्थायिक झालेले. आई क्षेत्रमणीदेवी देवभोळ्या आणि मोठ्या हुन्नरी होत्या. जुन्या चिंध्यांतून त्या सुबक बाहुल्या बनवीत, मिठाईसाठी नक्षीचे साचे करीत आणि कापडावर वेलबुट्टी भरीत. लहानगा नंदलाल आईच्या शेजारी बसून तिच्या बोटांच्या हालचाली न्याहाळीत असे. दुर्दैवाने हे मातृसुख त्याला फार दिवस लाभले नाही. तो आठ वर्षांचा असतानाच आई निवर्तली.

आईच्या मागे गावातील कारागीर हेच जणू नंदलालचे शिक्षक झाले. कुंभाराच्या चाकावर मातीच्या गोळ्यातून मडके कसे आकार घेते, मूर्तिकार गवताच्या सांगाड्यावर माती थापून दुर्गेची मूर्ती कशी घडवितो, सुतार लाकडातून खेळणे कसे कोरून काढतो, हे पाहण्यात त्याचे तासन् तास निघून जात. पाहून झाले की घरी येऊन तो स्वतः तसे करू लागे. पूजेच्या दिवसांत त्याने घडविलेल्या मूर्ती पाहून शेजारीपाजारी कौतुक करीत. परंतु चित्रे काढणे आणि मूर्ती घडविणे हा पोटापाण्याचा उद्योग होऊ शकेल, असे त्या काळी घरातील कोणाच्याही मनात आले नाही.

पुढील शिक्षणासाठी नंदलाल कलकत्त्यास गेला. तेथे शाळेची परीक्षा तो उत्तीर्ण झाला खरा. पण महाविद्यालयात मात्र त्याचे पाऊल पुढे पडेना. गुरुजी शिकवीत असत आणि नंदलालच्या पुस्तकाचे समास चित्रांनी भरून जात असत. परीक्षेत अपयश आले. एक महाविद्यालय सोडून तो दुसऱ्यात गेला; तेथेही तोच प्रकार. अखेर घरच्या मंडळींच्या आग्रहास्तव त्याने वाणिज्यशाखेत नाव घातले. जमाखर्चाच्या आकड्यांत त्याचे मन कसे रमावे? तोवर १९०३ मध्ये त्याचा सुधीरादेवींशी विवाह झाला होता. संसाराची जबाबदारी डोक्यावर आली होती आणि हातात पदवी नव्हती. तरुण नंदलालच्या आयुष्यातील तो काळ मोठ्या कसोटीचा होता.

त्याच सुमारास एका मासिकात अवनींद्रनाथ टागोर यांची चित्रे नंदलालच्या पाहण्यात आली. बुद्ध आणि सुजाता यांचे चित्र पाहून तो भारावून गेला. त्या काळी कलाशाळांतून युरोपीय पद्धतीच्या चित्रांची आणि पुतळ्यांची हुबेहूब नक्कल करण्याचे शिक्षण दिले जाई. आपल्या देशालाही चित्रकलेची थोर परंपरा आहे, याचा सुशिक्षितांना जणू विसर पडला होता. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य हॅवेल आणि तेथील उपप्राचार्य अवनींद्रनाथ यांनी मात्र भारतीय चित्रपरंपरेचा आदराने अभ्यास सुरू केला होता. गुरू करावा तर असाच, असा निश्चय करून नंदलालने आपली काही चित्रे बगलेत मारली आणि तो कलाशाळेत जाऊन धडकला. अवनींद्रनाथांनी त्याची चित्रे पाहिली आणि त्या तरुणाचे मोल तत्काळ ओळखले. घरच्या मंडळींची समजूत पटविणे सोपे नव्हते. पण अखेरीस त्यांनीही संमती दिली. १९०५ मध्ये नंदलाल कलाशाळेचे विद्यार्थी झाले.

१९०५ हे वर्ष बंगालच्या फाळणीचे. सर्वत्र स्वदेशीचा घोष चालू होता. विदेशी कापडाची होळी होत होती आणि हातमागाचे कापड अभिमानाने वापरले जात होते. कलेच्या क्षेत्रातही स्वदेशीची ओढ निर्माण झाली होती. अवनींद्रनाथांच्या भोवती जमलेल्या तरुणांनी रामायण, महाभारत, बुद्धचरित्र आणि पुराणे यांतील विषयांवर चित्रे काढण्यास आरंभ केला. १९०७ मध्ये भारतीय प्राच्य कलामंडळाची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी मंडळाचे प्रदर्शन भरले. त्या प्रदर्शनात नंदलालांच्या शिव आणि सती यांच्या चित्राला ५०० रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी ही रक्कम मोठीच होती. नंदलालांची घरची स्थिती बेताचीच असली, तरी या पैशाचा विनियोग त्यांनी भारतभ्रमणासाठी केला. काशी, गया, आग्रा, मथुरा येथे जाऊन आणि पुढे दक्षिणेतील मंदिरांतून हिंडून त्यांनी शिल्पे पाहिली. ज्या परंपरेविषयी आजवर नुसते ऐकले होते, ती त्यांनी डोळे भरून पाहिली.

या परंपरेचे सर्वांत भव्य दर्शन त्यांना महाराष्ट्रात घडले. अजिंठ्याची लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. लेडी हेरिंगहॅम नावाच्या एक इंग्रज चित्रकर्त्री तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी आल्या होत्या. भगिनी निवेदिता यांना वाटले की, या कामात भारतीय तरुणांचा हात असलाच पाहिजे. त्यांच्या प्रेरणेने १९०९-१० च्या हिवाळ्यात नंदलाल आणि त्यांचे सहाध्यायी असितकुमार हालदार अजिंठ्यास आले. काळोख्या गुहांत उभे राहून, मंद उजेडात, काळाच्या ओघात झिजलेल्या रेषा शोधून काढायच्या आणि कागदावर उतरवायच्या, असे ते कष्टाचे काम होते. पण त्या रेषांनी नंदलालांना असे काही दिले की, ते त्यांना जन्मभर पुरले. पद्मपाणी बोधिसत्त्वाची करुण मुद्रा, हत्तींचे कळप, राजवाड्यातील दासी, रस्त्यातील भिकारी, सारे एकाच भिंतीवर सुखाने नांदत होते. आणि एवढ्या थोर चित्रांखाली चित्रकाराचे नाव मात्र कोठेही नव्हते. अनेक हातांनी मिळून ते काम केले होते आणि आपले नाव त्या कामात विरघळून जाऊ दिले होते. नंदलालांच्या मनावर ही गोष्ट खोल कोरली गेली.

अवनींद्रनाथांचे आपल्या या शिष्यावर निरतिशय प्रेम होते. या गुरुशिष्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग फार उद्बोधक आहे. एकदा नंदलालांनी उमेच्या तपश्चर्येचे चित्र काढले. शंकराच्या प्राप्तीसाठी कठोर तप करणारी उमा त्यांनी अगदी साध्या, मंद रंगांत रंगविली होती. तिच्या अंगावर अलंकार नव्हते. चित्रात कोठे झगमगाट नव्हता. गुरूंना चित्र दाखविताच त्यांना ते काहीसे कोरडे वाटले. उमेला थोडे सजवावे, चित्रात रंगाची थोडी भर घालावी, अशी सूचना त्यांनी केली. नंदलाल मुकाट्याने चित्र घेऊन घरी गेले.

त्या रात्री अवनींद्रनाथांना झोप लागेना. आपण हे काय सांगितले, असे राहून राहून त्यांच्या मनात येऊ लागले. शिष्याने उमा पाहिली होती ती तपस्विनीच्या रूपात. तपाने सुकलेल्या उमेला अलंकार कशाला हवेत? आपण आपल्या डोळ्यांना दिसलेली उमा शिष्याच्या चित्रावर लादू पाहत आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले. उजाडताच ते घाईघाईने नंदलालांच्या घरी पोहोचले. नंदलाल रंगांची सिद्धता करून चित्रासमोर बसले होते. आणखी थोडा उशीर झाला असता, तर कुंचला फिरला असता. अवनींद्रनाथांनी त्यांना थांबविले आणि चित्र जसे होते तसेच राखले. शिष्यापुढे आपली चूक मान्य करण्यात त्या थोर गुरूला यत्किंचितही कमीपणा वाटला नाही. पुढे नंदलाल स्वतः गुरू झाले, तेव्हा शिष्याच्या चित्रात शिष्याचीच दृष्टी राहू द्यावी, हे तत्त्व त्यांनी जिवापाड जपले.

नंदलालांना गुरुपदाकडे नेले ते रवींद्रनाथ टागोरांनी. शांतिनिकेतन येथे रवींद्रनाथांनी झाडांच्या छायेत भरणारी शाळा चालविली होती. तिचेच रूपांतर पुढे विश्वभारती या विद्यापीठात झाले. विद्यापीठात गायन, नृत्य आणि चित्रकला यांना इतर विद्यांइतकेच मानाचे स्थान असावे, असे रवींद्रनाथांचे मत होते. त्यानुसार १९१९ मध्ये तेथे कलाभवनाची स्थापना झाली. आरंभी काही काळ नंदलालांची कलकत्ता आणि शांतिनिकेतन यांच्यामध्ये ये-जा चालू होती. आपला आवडता शिष्य दूर जाणार, याचे अवनींद्रनाथांना वाईट वाटत होते. पण नंदलाल शांतिनिकेतनात स्थिरावले ते कायमचेच. १९५१ मध्ये सेवानिवृत्त होईपर्यंत कलाभवनाची धुरा त्यांनी वाहिली. विद्यार्थी त्यांना प्रेमाने मास्टरमोशाय, म्हणजे मास्तरसाहेब, असे म्हणत.

मास्टरमोशायांची शिकविण्याची रीत निराळी होती. चार भिंतींच्या आत बसून पुतळ्यांच्या नकला करणे त्यांना मान्य नव्हते. ते विद्यार्थ्यांना घेऊन माळावर जात, संथाळांच्या पाड्यांवर जात, कोपाई नदीच्या काठी जात. ताडाचे झाड वाऱ्यात कसे झुकते, म्हैस पाण्यातून कशी वर येते, डोक्यावर भार घेतलेली स्त्री कशी पाऊल टाकते, हे आधी नीट पाहावे, मनात साठवावे आणि मग कागदावर उतरवावे, अशी त्यांची शिकवण असे. त्यांच्या खिशात नेहमी कोरी कार्डे असत. चालता चालता जे नजरेत भरेल त्याचे चित्र ते झरझर कार्डावर काढीत. दूर गेलेल्या विद्यार्थ्यांना ते पत्रे लिहीत, तीही अनेकदा अशा चित्रकार्डांवरच. त्या कार्डांतून त्यांचा धडा पोस्टाने घरपोच पोहोचत असे.

त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांत विनोदबिहारी मुखर्जी हा मुलगा होता. त्याची दृष्टी जन्मतःच अतिशय अधू होती. ज्याला धड दिसत नाही, तो चित्रकार कसा होणार, अशी शंका नंदलालांच्या मनात आली आणि त्यांनी ती रवींद्रनाथांना बोलून दाखविली. मुलगा मन लावून काम करीत असेल, तर त्याच्या भविष्याची चिंता आपण करू नये, असा रवींद्रनाथांचा अभिप्राय पडला. नंदलालांनी तो शिरोधार्य मानला. विनोदबिहारी पुढे भारतातील श्रेष्ठ भित्तिचित्रकारांपैकी एक ठरले. शांतिनिकेतनातील हिंदी भवनाच्या भिंतींवर त्यांनी मध्ययुगीन संतांचे भव्य चित्रण केले. पुढे त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली, तरी त्यांची कलासाधना थांबली नाही. नंदलालांनी आपल्या शंकेला वाव देऊन त्या मुलाला परत पाठविले असते, तर एवढ्या मोठ्या कलावंताला देश मुकला असता.

१९२५ मध्ये बांकुडा येथून रामकिंकर बैज हा गरीब घरचा मुलगा कलाभवनात आला. त्याने बरोबर आणलेली चित्रे पाहून नंदलाल चकित झाले. याला आता शिकवावे असे फारसे उरले नाही, असे त्यांना वाटले. तरीही दोनतीन वर्षे राहावे, असे त्यांनी सुचविले. रामकिंकर राहिले ते जन्मभर. ते तैलरंगांत चित्रे काढीत. सिमेंट आणि खडी यांतून उघड्या माळावर प्रचंड शिल्पे उभारीत. गुरूंच्या आवडीपेक्षा ही वाट अगदी वेगळी होती. तैलरंगांविषयी नंदलालांना आस्था नव्हती. पण शिष्याची वाट त्यांनी अडविली नाही. संथाळ कुटुंबाचे रामकिंकरांचे विख्यात शिल्प १९३८ मध्ये कलाभवनाच्या आवारातच उभे राहिले. उमेच्या चित्राने दिलेला धडा नंदलाल विसरले नव्हते.

चित्रे केवळ चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगण्यासाठी नसतात, अशी नंदलालांची धारणा होती. प्रदर्शन भरते, तिकीट काढून मोजकी मंडळी येतात, धनिक लोक चित्रे विकत घेतात आणि ती पुन्हा बंद दारांआड जातात. मग गावातील शेतकऱ्याने, विणकराने, गवंड्याने चित्रे पाहायची कोठे? या प्रश्नाचे उत्तर त्यांना अजिंठ्याच्या भिंतींनी दिले होते. त्यांनी शांतिनिकेतनाच्या भिंतीच प्रदर्शनासाठी निवडल्या.

भिंतीवर टिकाऊ चित्रे काढण्याची विद्या जाणणारे कारागीर जयपूरकडे होते. त्यांच्यापैकी नरसिंगलाल या मिस्त्रींना शांतिनिकेतनात पाचारण करण्यात आले. कलाभवनाचे आचार्य आपल्या विद्यार्थ्यांबरोबर या कारागिराचे शिष्य झाले. चुना आणि संगमरवराची भुकटी यांचा गिलावा भिंतीला द्यायचा. तो ओला असतानाच त्यावर रंग चढवायचे. मग ते थापून भिंतीत मुरवायचे आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घासून त्याला चकाकी आणायची, अशी ती कृती होती. गिलावा वाळला की हात थांबवावा लागे. त्यामुळे कोण गुरू आणि कोण शिष्य हा भेद तेथे उरतच नसे. कोणी चुना घोटीत असे, कोणी रंग वाटीत असे, कोणी रेषा काढीत असे. वाचनालयाच्या इमारतीच्या दर्शनी भागावरील चित्रे अशा सहकार्यातूनच उतरली.

याच सुमारास विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी मातीचे एक घर बांधण्यात आले. पावसापासून बचाव व्हावा म्हणून त्याच्या भिंतींना डांबर फासण्यात आले आणि घर काळे दिसू लागले. लोक त्याला कालो बाडी, म्हणजे काळे घर, म्हणू लागले. त्या काळ्या भिंतींवर विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून मातीची उठावशिल्पे घडविली. भारहूत आणि महाबलिपुरम् येथील शिल्पांपासून इजिप्तच्या प्राचीन शिल्पांपर्यंत अनेक देशांचे नमुने त्यांवर अवतरले. विद्यार्थी ज्या घरात झोपत, तेच घर एक कलासंग्रह झाले. स्त्रियांच्या आलपनेलाही, म्हणजे बंगाली रांगोळीलाही, नंदलालांनी कलाभवनात मानाचे स्थान दिले. पौषमेळ्यात खेडोपाडीचे लोक शांतिनिकेतनात लोटत. तेव्हा कलाभवनाचे विद्यार्थी आणि शिक्षक आपली छोटी छोटी चित्रे सामान्य माणसाला परवडतील अशा किमतीत विकायला मांडीत.

१९३० मध्ये महात्मा गांधी मिठाचा सत्याग्रह करण्यासाठी दांडीला गेले. हातात काठी घेऊन निश्चयाने पाऊल पुढे टाकणारी गांधीजींची मूर्ती नंदलालांनी काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषांत छापली. ते छापचित्र घरोघर पोहोचले. गांधीजींचे लक्ष या चित्रकाराकडे वेधले गेले. १९३६ मध्ये लखनौ येथील काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी भारतीय कलेचे प्रदर्शन मांडण्याचे काम त्यांनी नंदलालांवर सोपविले. नंदलालांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या साहाय्याने ते उत्तम रीतीने पार पाडले.

त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन खानदेशातील फैजपूर येथे भरायचे होते. खेड्यात भरणारे हे पहिलेच अधिवेशन. तेथील नगराची सजावट खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंनी आणि खेड्यातील कारागिरांच्या हातांनीच व्हावी, अशी गांधीजींची इच्छा होती. त्यांनी नंदलालांना बोलाविले. आपण चित्रकार आहोत, नगररचनाकार नव्हे, अशी अडचण नंदलालांनी नम्रपणे मांडली. पण गांधीजींनी ती मानली नाही. तेव्हा नंदलाल कामाला लागले. बांबू, गवत, चटया, मातीची भांडी आणि खादी एवढ्याच सामग्रीतून टिळकनगर उभे राहिले. अभियंता म्हात्रे यांची त्यांना साथ होती. ज्या बांबूने रोज गोठा शाकारायचा, त्याच बांबूची देखणी कमान झालेली पाहून खानदेशातील शेतकरी थक्क झाले. सुंदर वस्तू महागच असली पाहिजे असे नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. गांधीजींनी जाहीरपणे या कामाचे श्रेय नंदलाल आणि म्हात्रे यांना दिले.

फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या हरिपुरा गावी अधिवेशन भरले. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते. नंदलालांची प्रकृती तेव्हा बरी नव्हती. तरीही गांधीजींचा शब्द त्यांना मोडवेना. त्यांनी हातकागद घेतला, तो पुठ्ठ्यावर चिकटविला, मातीचे आणि खनिजांचे रंग कालविले आणि ठसठशीत रेषांत चित्रे रंगविण्यास आरंभ केला. त्या चित्रांत राजे नव्हते, देवदेवता विरळच होत्या. ढोल वाजविणारा, कापूस पिंजणारा, सुतार, शिंपी, चांभार, पहिलवान, मुलाला कडेवर घेतलेली माता आणि दळणकांडण करणाऱ्या स्त्रिया त्यांत होत्या. स्वतः नंदलालांनी ऐंशीहून अधिक चित्रे रंगविली. कलाभवनातील विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी त्यांच्या आणखी प्रती तयार केल्या. महाराष्ट्रातून शांतिनिकेतनात शिकण्यासाठी गेलेले आणि नंतर तेथेच शिक्षक झालेले विनायक मासोजीही नंदलालांच्या अशा कामांतील सहकारी होते. अशी सुमारे ४०० चित्रे विठ्ठलनगरच्या प्रवेशद्वारांवर आणि मंडपांवर झळकली.

अधिवेशनाला लाखो लोक लोटले. त्यांत बहुसंख्य खेडूत होते. त्यांनी कधी कलादालनाचा उंबरा ओलांडला नव्हता. तिकीट नाही, दार नाही, पहारा नाही. मान वर केली की चित्र दिसत होते. आणि त्या चित्रात दुसरे कोणी नसून आपल्यासारखाच घाम गाळणारा माणूस होता. आपले रोजचे काम चित्रात मांडण्याच्या योग्यतेचे आहे, हे त्यांना त्या दिवशी प्रथम दिसले. विद्यापीठातील शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या कलेचे याहून मोठे प्रदर्शन आणखी कोणते असणार? ती चित्रे ऊन, वारा आणि धूळ सोसणार, हे नंदलालांना पक्के ठाऊक होते. तरीही त्यांनी एकेक चित्र मन ओतून रंगविले. त्यांतील अनेक चित्रे आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जतन करून ठेवलेली आहेत.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ कीर्तिमंदिर उभारले होते. तेथील भिंती रंगविण्याचे काम नंदलालांकडे आले. १९३९ ते १९४६ या काळात विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ते अनेकदा बडोद्याला गेले. गंगावतरण, मीराबाईचे जीवन, रवींद्रनाथांच्या नाटकातील नटीची पूजा आणि महाभारतातील युद्ध हे विषय त्यांनी तेथील चार भिंतींवर साकार केले.

देश स्वतंत्र झाला. संविधान तयार झाले. ते हस्ताक्षरात लिहावे आणि चित्रांनी सजवावे, असे ठरले. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी सुवाच्य अक्षरांत ते लिहिले आणि सजावटीची जबाबदारी नंदलालांकडे आली. तेव्हा त्यांचे वय पासष्टीच्या पुढे गेले होते. हे मानाचे काम एकट्याच्या नावावर करून घेणे त्यांना सहज शक्य होते. पण तसे केले असते, तर ते मास्टरमोशाय कसले? त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना बोलाविले. व्यौहार राममनोहर सिन्हा यांनी उद्देशिकेचे पान नक्षीने सजविले. दीनानाथ भार्गव यांनी सारनाथच्या सिंहांचे चित्र सिद्ध केले. नंदलालांच्या कन्यांनीही आपला हातभार लावला. संविधानाच्या 22 भागांवर मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील वृषभापासून हिमालय आणि सागर यांच्यापर्यंत भारताचा इतिहास आणि भूगोल चित्ररूपाने अवतरला. त्यात छत्रपती शिवाजी महाराज आहेत, अकबर आहे, झाशीची राणी लक्ष्मीबाई आणि टिपू सुलतान आहेत, आणि दांडीला निघालेले गांधीजीही आहेत. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सभासदांनी त्या ग्रंथावर स्वाक्षऱ्या केल्या.

पुढे अनेक मानसन्मान नंदलालांकडे चालत आले. १९५२ मध्ये विश्वभारतीने त्यांना देशिकोत्तम ही पदवी अर्पण केली. १९५४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. पण त्यांची राहणी पूर्वीसारखीच साधी राहिली. वार्धक्यातही त्यांची कार्डे आणि शाईचा कुंचला त्यांना सोडून गेले नाहीत. १६ एप्रिल १९६६ रोजी कलकत्ता येथे या थोर कलाचार्यांनी जगाचा निरोप घेतला.

नंदलालांच्या पश्चात कलाभवनात एक सुंदर प्रथा सुरू झाली. १९७३ मध्ये तेथील एका विद्यार्थ्याला अपघात झाला आणि त्याच्या उपचारासाठी पैशांची निकड भासली. तेव्हा विद्यार्थी आणि शिक्षक यांनी आपापली चित्रे, शिल्पे आणि हस्तकलेच्या वस्तू एकत्र मांडून विकल्या. त्यातूनच नंदन मेळा जन्माला आला. ३ डिसेंबर हा नंदलालांचा जन्मदिवस. त्याच्या आधीचे दोन दिवस हा मेळा भरतो. शिक्षकाचे चित्र आणि नव्या विद्यार्थ्याचे चित्र तेथे शेजारी शेजारी असतात. जमणारा पैसा गरजू विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी वापरला जातो.

चिंध्यांतून बाहुल्या करणाऱ्या आईच्या शेजारी बसून नंदलालांनी पहिला धडा घेतला होता. सौंदर्य निर्माण करण्यास सोन्यारुप्याची गरज नसते. पाहणारा डोळा, राबणारा हात आणि दुसऱ्याला बरोबर घेणारे मन असले, म्हणजे पुरे, हाच तो धडा. स्वतःचे नाव मोठे करण्यापेक्षा आपल्या विद्यार्थ्यांचे हात तयार करण्यात त्यांनी धन्यता मानली. म्हणूनच अनेक हातांनी मिळून रंगविलेल्या शांतिनिकेतनाच्या भिंती त्यांची आठवण आजही जागती ठेवीत आहेत.